शाळा कधी चालू, कधी बंद असताना वर्गातील आणि ऑनलाइन शिकवण्याची सांगड कशी घालावी

शाळेच्या कामकाजात व्यत्यय आला की पहिली प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते: हातात असलेले वेळापत्रक उचलायचे आणि जसेच्या तसे पडद्यावर नेऊन ठेवायचे. वर्गात सहा तासिका होत्या, म्हणून ऑनलाइनही सहा तास. दुसऱ्या आठवड्यापर्यंत निम्मे कॅमेरे बंद झालेले असतात, शिक्षकांचा घसा बसलेला असतो आणि कोणाला काय समजले याचा पत्ता कोणालाच नसतो. चूक तंत्रज्ञानाची नसते. कोणते काम कुठे करायचे, हा प्रश्न न विचारताच सुरुवात झालेली असते. या मार्गदर्शिकेचा सगळा भर त्या एका प्रश्नावर आहे, कारण त्याचे उत्तर ठरले की ॲप कोणते आणि तास किती मिनिटांचा हे ठरवणे फारसे अवघड राहत नाही.

व्यत्ययाचा प्रकार आधी ओळखावा

अतिवृष्टीमुळे शाळा तीन दिवस बंद राहणे, इमारतीचा एक भाग वापरात नसल्यामुळे मुलांना आळीपाळीने बोलवावे लागणे आणि साथीमुळे दोन-दोन महिने कोणीच येऊ न शकणे, या तीन वेगळ्या अडचणी आहेत. तीन-चार दिवसांच्या खंडासाठी ऑनलाइन यंत्रणा उभी करण्याच्या भानगडीत पडू नये. झालेल्या घटकांची उजळणी आणि वाचन एवढे दिले तरी पुरते, कारण नवा घटक घाईने सुरू करून अर्धवट सोडण्यात नुकसान अधिक आहे. आळीपाळीची शाळा हा सांगड घालण्याचा खरा प्रांत आहे. तिथे वर्ग आणि घर दोन्ही हाताशी असतात आणि त्यांच्यात कामाची वाटणी करता येते. दीर्घ बंदीत प्रत्यक्ष वर्गच नसतो. अशा वेळी आठवड्यातून एकदा लहान गटाने भेटण्याची थोडीशी शक्यता असली, तरी ती सोडू नये आणि बाकीचे नियोजन त्या भेटीभोवती बांधावे.

शाळा बंद असताना शिक्षण चालू ठेवण्याची ही धडपड इंटरनेटबरोबर जन्मली, असे मानण्याचे कारण नाही. १९३७ मध्ये पोलिओच्या साथीमुळे शिकागोतील शाळा उघडणे लांबले, तेव्हा तिसरी ते आठवीच्या मुलांसाठी रेडिओवरून छोटे पाठ प्रसारित केले गेले. त्या दिवसाच्या पाठांची माहिती आणि प्रश्न वृत्तपत्रांत छापले जात आणि पालकांना शंका विचारण्यासाठी दूरध्वनीची सोयही केलेली होती. ऐकण्यासाठी एक साधन, हातात धरण्यासाठी कागद आणि अडले तर बोलायला माणूस, अशी ती रचना होती. आजची साधने कितीही पुढे गेलेली असली, तरी यांपैकी एक पाय काढला की तिवई कलंडते.

कोणाच्या घरी काय आहे, ते लिहून काढावे

२०२० मध्ये एका टप्प्यावर १९० हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांची शाळा बंद असल्याचा युनेस्कोचा अंदाज होता. त्याच वर्षाच्या अखेरीस युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने मांडलेल्या हिशेबानुसार ३ ते १७ वयोगटातील जगातल्या दोन तृतीयांश मुलांच्या घरी इंटरनेट नव्हते. हे आकडे जगाचे झाले. तुमच्या वर्गाचा आकडा तुम्हालाच काढावा लागेल, आणि तो शाळा सुरळीत चालू असतानाच काढून ठेवावा, कारण बंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची माहिती फोनवरून मिळत नाही.

‘तुमच्याकडे स्मार्टफोन आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर मिळते, पण त्यातून फारसे कळत नाही. फोन कोणाचा आहे, तो दिवसातल्या कोणत्या वेळी घरात असतो, किती भावंडे तो वापरतात, घरात रेंज येते की बाहेर जावे लागते आणि मूल अडले तर त्याला वाचून दाखवू शकेल असे कोणी मोठे माणूस घरी असते का, हे पाच प्रश्न विचारावेत. उत्तरे हजेरीपटासारख्या एका तक्त्यात प्रत्येक नावासमोर लिहावीत. मग लक्षात येईल की ज्या मुलांना आपण ‘ऑनलाइन’ समजत होतो, त्यांतल्या अनेकांच्या हाती फोन संध्याकाळी पालक घरी आल्यावरच येतो. नियोजन करताना या तक्त्यातल्या सर्वांत कमी सोयीच्या मुलाला समोर ठेवावे. त्याला जमेल असे काम ज्यांच्याकडे सगळे आहे त्यांनाही जमते, आणि उलट बाजूने हा न्याय लागू पडत नाही.

वर्गात काय, घरी काय

वाटणीचा नियम थोडक्यात असा सांगता येईल की जिथे मूल चुकण्याची शक्यता मोठी आहे आणि चूक लगेच पकडली नाही तर ती घट्ट बसेल, ते काम वर्गात करावे. जे काम एकट्याने, आपल्या गतीने आणि पुन्हा पुन्हा करून पक्के होते, ते घरी द्यावे. विषयवार वाटणी मात्र करू नये. ‘गणित वर्गात, भाषा ऑनलाइन’ असे ठरवणारी शाळा दोन्ही विषयांचे नुकसान करते, कारण प्रत्येक घटकातच वर्गात करण्याचा आणि घरी करण्याचा असे दोन भाग असतात.

अपूर्णांकांच्या बेरजेचे उदाहरण घेऊ. छेद वेगवेगळे असलेली बेरीज शिकताना बरीच मुले १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी करतात. अंशात अंश, छेदात छेद. ही चूक व्हिडिओ पाहून सुटत नाही, कारण व्हिडिओ पाहताना मुलाला आपल्याला सगळे समजले असेच वाटत असते. वर्गात मात्र शिक्षक विचारू शकतात की तुझे उत्तर २/५ म्हणजे अर्ध्यापेक्षा कमी आले, मग अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर ते अर्ध्याहून कमी कसे झाले? मग कागदाची पट्टी सहा समान भागांत दुमडायची, अर्धा म्हणजे तीन भाग आणि एक तृतीयांश म्हणजे दोन भाग रंगवायचे, आणि ५/६ हे उत्तर मुलाने स्वतः मोजायचे. वर्गातील वेळ यासाठीच आहे. यानंतरची पहिली दोन उदाहरणेही शिक्षकांच्या डोळ्यांसमोर सोडवून घ्यावीत आणि मगच सरावाची उदाहरणे घरी पाठवावीत. हीच पट्टी न दुमडता मूल तीन दिवस घरी चुकीच्या रीतीने वीस उदाहरणे सोडवत राहिले, तर चौथ्या दिवशी शिक्षकांसमोर दोन कामे असतात: नवीन शिकवणे आणि जुने पुसणे.

काही कामे मात्र घरीच अधिक चांगली होतात, हे शिक्षक सहसा विसरतात. बाष्पीभवनाचा प्रयोग तासिकेत बसत नाही. रुंद तोंडाच्या आणि अरुंद तोंडाच्या भांड्यात सारखेच पाणी ठेवून रोज संध्याकाळी किती उरले हे मोजणे, आणि चार दिवसांच्या नोंदी वर्गात घेऊन येणे, हे घरचे काम आहे. त्या नोंदींत फरक का पडला, एका मुलाच्या नोंदी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या का आल्या, ही चर्चा मात्र वर्गाची. भाषेत प्रकट वाचनाचेही तसेच आहे. चाळीस जणांच्या वर्गात प्रत्येकाचे वाचन ऐकायला वेळ मिळत नाही, पण मुलांनी एक मिनिटाचे वाचन ध्वनिमुद्रित करून पाठवले आणि शिक्षकांनी रोज पाच ऐकले, तर कामाच्या आठ दिवसांत सगळ्या वर्गाचे वाचन ऐकून होते. ज्यांना पाठवणे शक्य नाही त्यांचे वाचन शाळेच्या दिवशी प्रार्थनेआधी ऐकावे.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी पडदा हे जवळजवळ निरुपयोगी साधन आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वयात ऑनलाइन तास मुलाचा नसून पालकांचा होतो. तेव्हा पालकांनाच एक छोटी कृती समजावून द्यावी आणि मुलाला वर्गातले शक्य तितके अधिक दिवस द्यावेत.

आठवड्याचा कागद

वर्ग आणि घर यांना जोडणारा खरा दुवा ॲप नसून आठवड्याचा एक पानी कागद आहे. तो छापील असला तर उत्तम. फोनवर पाठवायचा असल्यास लेखी संदेश म्हणून पाठवावा, म्हणजे तो कमी क्षमतेच्या फोनवरही उघडतो आणि मुलाला वहीत उतरवून घेता येतो. त्यावर दिवस, काम, अंदाजे वेळ आणि शाळेत परत काय आणायचे एवढेच असावे.

सूचना लिहिणे हे कौशल्याचे काम आहे आणि त्यावर वेळ घालवावा. ‘घटक ३ चा अभ्यास करा’ ही सूचना नव्हे. तिने मूल फक्त पुस्तक उघडून बसते. त्याऐवजी असे लिहावे: ‘वहीत लिहून दिलेल्या उदाहरणांपैकी पहिली चार सोडवा. तिसरे अडले तर वर्गात दुमडलेली पट्टी पुन्हा काढून पाहा. तरीही सुटले नाही, तर कुठपर्यंत आलात ते लिहा, बाजूला चौकोन करा आणि पुढच्या उदाहरणाकडे जा.’ या सूचनेत काम आहे, आधार आहे आणि मुख्य म्हणजे अडल्यावर काय करायचे याची परवानगी आहे. शिक्षक शेजारी नसताना अडलेले मूल बहुधा तिथेच थांबते आणि उरलेले सगळे पान कोरे येते. वहीतला चौकोन शिक्षकांनाही उपयोगी पडतो, कारण शाळेच्या दिवशी वह्या चाळताना नजर थेट चौकोनांवर जाते. पहिल्या तीन उदाहरणांची उत्तरे पानाच्या तळाशी द्यावीत, म्हणजे मुलाला आपण बरोबर वाटेवर आहोत की नाही हे ताडून पाहता येते.

एका दिवसाला तीनपेक्षा अधिक कामे देऊ नयेत. प्रत्येक विषयाच्या शिक्षकांनी आपापले ‘थोडेसेच’ काम दिले की त्याची गोळाबेरीज पाच तासांवर जाते. म्हणून कागद वर्गशिक्षकांनीच एकत्र करावा आणि काम कापण्याचा अधिकार त्यांच्याकडेच असावा.

प्रत्यक्ष ऑनलाइन तास आणि ध्वनिफिती

थेट ऑनलाइन तास व्याख्यानासाठी वापरणे ही सर्वांत महागडी उधळपट्टी आहे. जे एकतर्फी सांगायचे आहे ते पाच मिनिटांच्या ध्वनिफितीत सांगता येते. ३२ केबीपीएस दर्जाची पाच मिनिटांची ध्वनिफीत साधारण सव्वा एमबीची होते. तासभराच्या व्हिडिओ कॉलला त्याच्या शेकडो पट डेटा लागू शकतो. ध्वनिफितीत मध्ये थांबावे आणि म्हणावे, ‘आता आवाज थांबवा आणि वहीत उत्तर लिहा.’ ऐकणारे मूल त्यामुळे हातात पेन्सिल धरून बसते.

थेट तास घ्यायचाच असेल तर तो आठ ते दहा मुलांचा आणि २५-३० मिनिटांचा असावा. सुरुवातीला प्रत्येकाने मागच्या कामातले एक उत्तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्यासमोर धरावे. कॅमेरा चालत नसेल तर चॅटमध्ये लिहावे. त्या दहा उत्तरांवरून पुढची वीस मिनिटे कशावर घालवायची हे ठरते. ‘समजले का?’ असे विचारू नये. त्याला नेहमी ‘हो’ असेच उत्तर येते. ‘हेच उदाहरण छेद ४ असता तर पहिली पायरी कोणती?’ असे विचारावे आणि नाव घेऊन विचारावे. हा तास कोणत्या वेळी ठेवायचा, ते आधीच्या तक्त्यातील ‘फोन घरी कधी असतो’ या रकान्यावरून ठरेल. शाळेची वेळ सकाळची आहे, एवढ्यावरून ते ठरवू नये.

निम्मी मुले वर्गात आणि निम्मी घरी असताना एकच तास दोघांना एकाच वेळी दाखवण्याचा मोह आवरावा. फळ्यासमोर फोन टेकवून ठेवला की घरच्या मुलांना फळा नीट दिसत नाही, वर्गातल्या मुलांचे प्रश्न ऐकू जात नाहीत, आणि शिक्षक अर्धा वेळ ‘आवाज येतोय का?’ विचारण्यात घालवतात. दोन्हीकडचे विद्यार्थी सामावून घेणारी हायफ्लेक्स नावाची पद्धत सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आकाराला आली. ते विद्यार्थी प्रौढ होते आणि कोणत्या मार्गाने उपस्थित राहायचे, हे ते स्वतः निवडत होते. दहा वर्षांच्या मुलाकडून ती शिस्त अपेक्षिणे योग्य नाही.

आळीपाळीच्या वर्गाचा हिशेब

चाळीस मुलांच्या वर्गाचे वीस-वीसचे दोन गट पाडले आणि आठवडा पाच दिवसांचा धरला, तर पहिला गट सोमवारी आणि गुरुवारी, दुसरा मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि बुधवार मोकळा, ही रचना मला सर्वांत सोयीची वाटते. कोणत्याही गटाच्या दोन शाळा-दिवसांत फार मोठे अंतर पडत नाही, आणि बुधवार वह्या तपासणे, पुढचा कागद तयार करणे आणि फोन करणे यांसाठी मिळतो. भावंडे एकाच दिवशी शाळेत येतील असे गट पाडावेत. हुशार आणि कच्चे असे गट तर मुळीच पाडू नयेत. मोठ्या इयत्तांना लागोपाठ दोन दिवस बोलावणेही चालते, विशेषतः मुले लांबून येत असतील तर.

या रचनेत प्रत्येक पाठ दोनदा शिकवावा लागतो. म्हणजेच नव्या घटकांचा वेग निम्म्याहून कमी होणार, हे मुख्याध्यापकांनी आणि पालकांनी पहिल्याच दिवशी मान्य करावे. ज्या घटकांवर पुढच्या इयत्तेचा पाया उभा आहे ते ठेवावेत आणि बाकीचे निर्धास्तपणे बाजूला काढावेत. सगळाच अभ्यासक्रम ‘उरकण्याचा’ हट्ट धरला, तर उरकतो तो फक्त शिक्षकांच्या दैनंदिनीत.

शाळेच्या दिवशी पहिली दहा मिनिटे पुस्तक-वही बंद ठेवून पाच छोटे प्रश्न द्यावेत: तीन घरी केलेल्या कामावरचे आणि दोन गेल्या आठवड्याचे. आठवून लिहिण्याने शिकलेले टिकते, आणि घरचे काम खरोखर कोणी केले हेही वेगळ्या चौकशीशिवाय कळते. या प्रश्नांना गुण देऊ नयेत. घरी केलेल्या कामाला गुण दिले की ते काम मोठ्या भावंडांच्या अक्षरात येऊ लागते. मूल्यमापन वर्गात, प्रत्यक्ष, थोडेसे आणि वारंवार करावे. हजेरीही कॅमेऱ्यावर न मोजता कामाच्या वहीवर मोजावी.

फोन, आणि काही सावधगिरी

बोट्स्वानामध्ये २०२० च्या शाळाबंदीत प्राथमिक शाळेतील मुलांच्या कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही घरांना आठवड्याला गणिताचे प्रश्न असलेला साधा एसएमएस पाठवला गेला, तर काही घरांना एसएमएसबरोबर सुमारे १५ ते २० मिनिटांचा फोनही केला गेला. नुसत्या एसएमएसचा फारसा परिणाम दिसला नाही. फोन जोडला तेव्हा मुलांचे गणित सुधारले. साधा फोन, इंटरनेटशिवाय. सगळ्या चाळीस घरांना दर आठवड्याला इतका वेळ देणे एका शिक्षकाला शक्य नाही. पण वहीत चौकोन जास्त असलेल्या आणि कोरी पाने आणणाऱ्या आठ-दहा मुलांना बुधवारी प्रत्येकी दहा मिनिटे देता येतात. त्या फोनवर पालकांकडे तक्रार करू नये. मुलाला फोनवर बोलावून एक उदाहरण मोठ्याने सोडवायला सांगावे. ते कुठे अडखळते हे ऐकूनच कळते.

पालकांचा संदेश-गट फक्त सूचनांसाठी ठेवावा आणि त्यावर एका मुलाची चूक किंवा वहीचे छायाचित्र सर्वांना दाखवू नये. मुलांचे चेहरे दिसतील असे थेट तासांचे ध्वनिचित्रमुद्रण पालकांच्या संमतीशिवाय करू नये. कोणत्याही गटात शिक्षकांबरोबर शाळेतील दुसरी जबाबदार व्यक्ती असावी. शिक्षक संदेशांना कोणत्या वेळेत उत्तर देतील हे कागदावरच छापावे, नाहीतर रात्री अकराला ‘लिंक उघडत नाही’ हा संदेश ठरलेलाच.

पूर्ण शाळा सुरू झाल्यावर

सगळी मुले परत आली की पहिल्या दिवशी बंदीच्या काळातील घटक ‘झाले’ असे गृहीत धरू नये आणि सगळे मुळापासूनही सुरू करू नये. पहिल्या दोन आठवड्यांत रोज एका मुख्य घटकावर चार-पाच प्रश्न विचारून कोणाचे काय राहिले याची नोंद करावी. जे निम्म्याहून अधिक मुलांचे राहिले ते सर्वांना पुन्हा शिकवावे. जे चार-पाच जणांचे राहिले ते त्यांना वेगळे बसवून घ्यावे. आठवड्याचा कागद मात्र बंद करू नये, पंधरा दिवसांतून एकदा तरी द्यावा. सत्रातून एक दिवस ‘घरून शाळा’ असा सरावाचा दिवस ठेवावा. त्या दिवशी कागद वेळेत पोहोचतो का, ध्वनिफीत सर्वांत जुन्या फोनवर वाजते का, चौकोन काढायची सवय मुलांना आहे का, हे तपासता येते. त्याच दिवशी तक्त्यातले फोन नंबरही एकदा लावून पाहावेत, कारण त्यांतले काही दर सत्रात बदललेले असतात.